वॉल्टररावांची तालीम

अमेरिकेहून परत आल्यापासून जो भेटतो तो आधी नायगराचं विचारतो. नायगरा मी पाहिला नाही. जायचं ठरलं होतं, गाडीत पेट्रोल भरलं होतं, दशम्याही बांधून झाल्या होत्या. पण ऐन वेळी माझी एक तालीम निघाली आणि नायगरा राहून गेला. ओहायोत कसली आली तालीम, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायला बसले आहे. ज्यांना धबधबाच हवा असेल त्यांनी दुसऱ्या कुणाला गाठावं. आमच्या जळगावात निम्म्या गल्लीने तो पाहिलेला आहे आणि सगळ्यांकडे निळ्या रेनकोटातले फोटो आहेत.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचा घोळ कळेल. मी पोटासाठी विमा कार्यालयात नोकरी केली आणि जिवासाठी कार्यालयाच्या नाटक मंडळाचं दिग्दर्शन केलं. ज्यांना साहेबांसमोर रजा मागताना घाम फुटायचा, त्या कारकुनांकडून मी दरबारात गर्जना करवून घेतल्या आहेत. माझा एकच हट्ट असे. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. मग पहिल्या रांगेतल्या परीक्षकांच्या कानठळ्या बसल्या तरी चालतील. आम्हाला बक्षीस कधी मिळालं नाही, पण ऐकू आलं नाही अशी तक्रारही कधी आली नाही.

डब्लिन, ओहायो

माझी भाची केतकी आणि तिचा नवरा मंदार हे डब्लिन नावाच्या गावात राहतात. दोघंही कॉम्प्युटरवाले. २००४ सालच्या ऑक्टोबरात मी तिथे पोचले, तेव्हा झाडं लालभडक झाली होती आणि रस्त्यावर माणूस नावाला नव्हता. घरासमोर हिरवळ, हिरवळीपुढे रस्ता, रस्त्यापलीकडे पुन्हा हिरवळ. एवढ्या जागेत आपल्याकडे एक मंगल कार्यालय, दोन रसवंत्या आणि एक पतसंस्था सहज बसली असती.

पहिल्याच सकाळी फिरायला निघाले तर बऱ्याचशा घरांपुढच्या गवतात एकाच आडनावाची पाटी. मला कौतुक वाटलं. म्हटलं, बघा, आपल्याकडे भाऊ भाऊ बांधावरून भांडतात आणि इथे अख्खी भावकी एका गल्लीत गुण्यागोविंदाने नांदते आहे! पुढच्या गल्लीत दुसऱ्या आडनावाची भावकी लागली. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा केतकीने चहा नाकातून काढला.

"मावशी, इलेक्शन आहे! ते कॅंडिडेट्सचे बोर्ड आहेत."

निवडणूक? मला खरंच वाटेना. रिक्षावर भोंगा नाही, पदयात्रा नाही, भिंत रंगवलेली नाही. गवतात गुपचूप एक पाटी रोवायची आणि घरात जाऊन बसायचं. गावात कुणीतरी गेलं असावं अशी शांतता. पण घरातला टीव्ही लावला की मात्र रणधुमाळी. ओहायो हे काठावरचं राज्य, इथे ज्याचं पारडं जड तो जिंकणार, म्हणून देशभरातले कॅमेरे इथे येऊन बसले होते. मंदार ज्या वाहिनीवर बातम्या पाही, तिथे उजव्या पक्षाचे साधे कार्यकर्ते रोज दिसत. सगळे एकाच साच्यातून काढलेले. डोक्यावर टोपी, मागे भला मोठा ट्रक, कपाळाची शीर तटतटलेली आणि तोंड उघडं.

"मावशी, अशी लोकं दारात आली ना, तर दार नको उघडू," मंदारने बजावलं. "एकदम अँग्री असतात यार. बघतेस ना?"

बघत होतेच. बघून मला आमच्या मंडळाचा खलनायक आठवत होता. त्यालाही आम्ही दरवर्षी त्याच मिशा लावायचो.

दारातला खलनायक

दोनच दिवसांत एक खलनायक दारात आला. केतकी आणि मंदार कामावर गेले होते. घंटा वाजली म्हणून पाहिलं, तर विटकरी रंगाचा स्वेटर घातलेला एक उंच, वाकलेला म्हातारा हातात पत्रकं घेऊन उभा. त्याने आपलं नाव वॉल्टर असं सांगितलं. म्हणजे ओठ हलले त्यावरून मी ते ताडलं. इतका हळू बोलणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. शेजारच्याच घरात राहतो, उजव्या पक्षासाठी दारोदार जाऊन मतं मागतो, फक्त दोन मिनिटं घेईन, असं काहीसं तो म्हणाला.

आता आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला उंबऱ्यावरून परत पाठवायची पद्धत नाही. शिवाय कढईत पोहे तयार होते. मी म्हटलं, "काइंडली कम इनसाइड." माझं इंग्रजी सगळं कार्यालयातलं, त्यात विनंती, स्मरणपत्र आणि अंतिम सूचना एवढंच येतं. वॉल्टररावांनी बूट काढायला सांगितल्यावर जरा विचार केला, मग काढले. पहिल्या वेळचे पोहे त्यांनी भीतीने खाल्ले, दुसऱ्या वेळचे सभ्यतेने आणि तिसऱ्या वेळचे मागून घेतले. आम्हाला इथे मत नाही हे त्यांना अर्ध्या बशीतच कळलं होतं. तरी ते बसले. कर कमी असावेत, सरकारने घरात नाक खुपसू नये, शेजाऱ्यांनी एकमेकांचं पाहावं, असं त्यांचं म्हणणं. मला त्यातलं काही पटलं, काही नाही. पण कपाळावरची शीर मी नीट न्याहाळली. ती जागच्या जागी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भोपळ्याचा गोड पाय आणून दिला, म्हणजे सारण भरून भट्टीत भाजलेला त्यांच्याकडचा गोड पदार्थ. रिकामं भांडं परत द्यायचं कसं, म्हणून मी त्यात वांग्याचं भरीत भरून पाठवलं. ते म्हणे त्यांनी पावाला लावून खाल्लं आणि त्यांना घाम फुटला. मग त्यांचं सफरचंदाचं लोणी, म्हणजे घोटलेला मुरंबाच, आलं, माझ्या शेंगोळ्या गेल्या. केतकी कपाळाला हात लावायची, पण ते लोणी पोळीशी खायला तीच पहिली पुढे असायची.

अशाच एका भांड्याच्या फेरीत वॉल्टररावांनी सूझनचं सांगितलं. सूझन त्यांची एकुलती एक मुलगी, कॅलिफोर्नियात सनीव्हेलला असते. बायको गेल्यापासून घरात ते एकटेच. बापलेकीचं फोनवर हवापाण्याचं बोलणं बरं चाले. राजकारण निघालं की फोन आपटला जाई. मागच्या वर्षी ती म्हणाली, "डॅड, तुझ्यासारखी माणसं मी रोज टीव्हीवर बघते. मला भीती वाटते त्यांची." तेव्हापासून ती घरी आली नव्हती. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण असतो, आपल्याकडे दिवाळीला लेकी येतात तसा. यंदा तरी येते का, एवढाच त्यांना घोर लागला होता.

"आणि तुम्ही तिच्या लोकांबद्दल काय समजता?" मी विचारलं.

वॉल्टरराव लाजले. त्यांची वाहिनी वेगळी. त्या वाहिनीवर कॅलिफोर्नियातली माणसं स्वतःला झाडाला बांधून घेत, कच्चं गवत खात आणि झेंडे जाळत. "सूझन तसली नाही," ते घाईने म्हणाले. "ती फक्त अकाउंट्स बघते."

मला त्या माणसाची दया आली. एकाच रक्ताची दोन माणसं, आणि दोघांनी एकमेकांना ओळखायचं कुणावरून, तर परक्याने दाखवलेल्या चित्रावरून!

गॅरेजातले धडे

आणि त्याच आठवड्यात एका मोठ्या वाहिनीचा फोन आला. त्यांना पक्षाचे तळागाळातले कार्यकर्ते दाखवायचे होते. पक्षाच्या कचेरीतून कुणीतरी वॉल्टररावांचं नाव दिलं. एरवी हा माणूस कॅमेरा पाहून कपाटात लपला असता, पण त्यांच्या मनात आलं की सूझन हीच वाहिनी बघते. बाप टीव्हीवर दिसेल, साधा, स्वेटर घातलेला. बघेल आणि येईल.

"पण मी बोललेलं कुणाला ऐकूच येत नाही," ते म्हणाले. हे वाक्यही त्यांना दोनदा म्हणावं लागलं.

झालं! मी पदर खोचला. नायगरा रद्द केला. मंदार म्हणाला, "मावशी, हॉटेल बुक केलंय मी, आता कॅन्सल करू?" म्हटलं, कर, पाणी काही आटत नाही, माणसाची वेळ निघून जाते.

तालमी त्यांच्या गॅरेजात झाल्या. आधी संहिता पक्की केली. सुटसुटीत दोन वाक्यं. पहिलं, "सरकार असो की आणखी कुणी, माझ्या घरात न विचारता घुसलेलं मी खपवून घेणार नाही." आणि दुसरं, "शेजाऱ्यांनी मात्र कधीही यावं, कॉफी तयार असते." दुसरं वाक्य त्यांना फार आवडे. ते म्हणताना गोड हसायचे.

मग आवाज. बेंबीतून काढा, वॉल्टरराव, गळ्यातून नको. प्रेक्षकांकडे पाठ नको. उजवा हात वर, बोटं मोकळी. डोळे मोठे करा, शेवटच्या रांगेला बुबुळं दिसली पाहिजेत! शेवटची रांग म्हणून रस्त्याकडेची टपालपेटी धरली होती. सुरुवातीला त्यांचा आवाज गवत कापायच्या यंत्रापर्यंतसुद्धा पोचेना. पण माणूस कष्टाळू. सरावाने आवाज असा फुटला की झाडावरच्या खारी पळाल्या आणि पलीकडच्या कुत्र्याने टेबलाखालून बाहेर यायचं नाकारलं. मी इतकी खूश झाले की तिथल्या तिथे नारळ फोडावासा वाटला. केतकीने मात्र खिडकीतून पाहिलं आणि विचारलं, "मावशी, टीव्हीवर माईक असतो गं. एवढं ओरडायची गरज आहे का?"

आजकालच्या मुलांना रंगभूमीतलं काय कळतं, असं म्हणून मी विषय मिटवला.

चित्रीकरण

वार्ताहर मुलगी चुणचुणीत होती. डोक्यावरचा एक केस हलत नव्हता. आल्या आल्या तिने विचारलं, "तुमचा ट्रक कुठे आहे?"

वॉल्टररावांकडे बदामी रंगाची जुनी मोटार. तिचा चेहरा पडला. समोरच्या घरी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाचा ट्रक उभा होता. त्याला विनंती करून तो मागे आणून लावला. स्वेटर काढायला लावला, थंडी असूनही. टोपी घाला म्हणाली. वॉल्टररावांकडे कानटोपीच होती, ती तिने नको म्हटलं. बंदूक आहे का, असंही हळूच विचारून झालं. त्यांनी बागेला पाणी घालायची पिचकारी दाखवली.

मी पाहतच राहिले. अहो, ही बातमी कुठली, हे तर नेपथ्य! पात्राची निवड झालेली, रंगभूषा ठरलेली, फक्त नट यायचा होता. माझ्याच धंद्यातली बाई निघाली की ही. तेव्हाच मला धोका कळायला हवा होता. पण मी माझ्या नटाच्या काळजीत. मी कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने त्यांच्या मागे जरा तिरकी उभी राहिले. म्हणजे मला तरी तसं वाटलं. अंगावर नारिंगी साडी, पायात मंदारचे बूट.

"बोला," मुलगी म्हणाली.

वॉल्टररावांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर करून खूण केली, आणखी वर, आणखी! त्यांनी बेंबीतून श्वास घेतला आणि असं काही पहिलं वाक्य टाकलं की कॅमेरावाला एक पाऊल मागे गेला. माझ्या अंगावर काटा आला. मग दुसरं वाक्य, कॉफीचं, ते हसून म्हणाले. मुलगी हळूच स्वतःशी म्हणाली, "परफेक्ट." मला वाटलं, आपलं नाव झालं.

आयसेलिन, न्यू जर्सी

मधल्या दिवसांत मंदारला कामासाठी न्यू जर्सीला जायचं होतं, म्हणून मी त्याच्याबरोबर आयसेलिनला माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडे, कुमुदकडे गेले. तिथे ओक ट्री रोड म्हणून रस्ता आहे. साड्या, सोनं, मिठाई, भजी, सगळं ओळीने. ओहायोतल्या शांततेनंतर हॉर्नचा आवाज ऐकून मला भडभडून आलं. आम्ही एका मिठाईच्या दुकानात जिलबी खात होतो आणि गल्ल्यावरच्या टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

आणि एकदम वॉल्टरराव दिसले. स्वेटर नाही, मागे ट्रक, डोळे मोठे, हात वर. वरून त्या वार्ताहर मुलीचा आवाज: बाहेरून आलेल्या लोकांमुळे बदलत्या शेजाराबद्दल इथल्या कार्यकर्त्यांच्या मनात संताप खदखदतो आहे. तिच्या बोलण्याखाली सरकार वगैरे सगळं बुडून गेलं, आणि नंतर एवढंच ऐकू आलं, "माझ्या घरात न विचारता घुसलेलं मी खपवून घेणार नाही!" पडद्यावर ते मान वळवून ओरडतायत, आणि ज्या बाजूला वळलेत तिथे नारिंगी साडीतली एक केविलवाणी बाई दोन्ही हात वर करून उभी. खेळ खलास. कॉफी नाहीच.

गल्ल्यावरच्या गुजराती शेठने टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. साडी तीच होती. "बेन, यह आप हो? आप ठीक हो ना?" त्यांनी जिलबीचे पैसे घेतले नाहीत, उलट पावशेर मोहनथाळ बांधून दिला. कुमुदने माझा हात घट्ट धरला.

"शैला, पोलिसांत गेलीस की नाही?"

"अगं, मीच शिकवलं त्यांना ओरडायला!"

"असं म्हणू नकोस. स्वतःला दोष नाही द्यायचा."

पुढचे दोन दिवस नुसते फोन. कुणाचे काका, कुणाच्या मावश्या. मी प्रत्येकाला खरं सांगायची: तालीम, बेंबी, टपालपेटी. तेवढं ऐकलं की समोरच्याचा आवाज एकदम थंड व्हायचा. भेदरलेली शैला त्यांना हवी होती, दिग्दर्शिका शैला कुणालाच नको होती. तिथल्या एका मराठी मंडळाच्या काकांनी तर माझा धैर्याबद्दल शालश्रीफळ देऊन सत्कार ठरवला. मी म्हटलं, सत्कार करायचाच तर उच्चारांबद्दल करा. त्यांनी फोन ठेवला.

पण हसू आतून येत नव्हतं. मला सारखी सनीव्हेलची ती मुलगी दिसत होती, बापाला असा पाहणारी. आणि हा सगळा उद्योग माझा. तिने जे चित्र मनात धरलं होतं, त्यात मी माझ्या हाताने रंग भरून दिले होते.

पुन्हा डब्लिन

परतले तर वॉल्टररावांच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले. मी घंटा दाबतच राहिले तेव्हा दार उघडलं. दाढी वाढलेली. सूझनचा फोन येऊन गेला होता. बोलली काही नाही, "डॅड, मी ते पाहिलं," एवढंच म्हणून ठेवून दिला.

"ती आता यायची नाही," ते म्हणाले. या वेळी मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं.

मला माफी मागायची होती, पण कार्यालयातल्या इंग्रजीत दिलगिरीचा मसुदा असतो, माफीचा नसतो. म्हणून मी मराठीत रागावले. "चला आधी. दोन दिवस जेवला नाहीत, दिसतंय. उठा!" शब्द कळले नाहीत तरी सूर कळला असावा. माझ्यामागोमाग ते मुकाट्याने आमच्या घरी आले, बूट काढले आणि स्वयंपाकघरात बसले. मी गरम पिठलं वाढलं. शनिवार होता, म्हणून केतकी आणि मंदारही घरात होते, पण दोघं नखं कुरतडत जिन्यात बसली होती.

घंटा वाजली. केतकीने दार उघडलं, मीही मागोमाग गेले. एक उंच बाई, जराशी वाकलेली, हातात पायची पेटी, डोळे सुजलेले. विमानतळावरून थेट आली होती. टीव्हीत साडीवाल्या बाईच्या मागे आमचं गॅरेज दिसलं होतं. लहानपणापासून पाहिलेलं शेजारचं घर तिने लगेच ओळखलं. ती बापाकडे आलीच नव्हती. आधी आमच्याकडे आली होती, त्या साडीवाल्या बाईची माफी मागायला.

"माझ्या वडिलांच्या वतीने," तिने सुरुवात केली, आणि तिची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. आत तिचे वडील हाताने पिठलं भाकरी खात होते. मिशीला पिठलं लागलेलं.

मग मीच बोलले. माझ्याकडचं सगळं इंग्रजी एकदम बाहेर काढलं. कारकून, बेंबी, टपालपेटी, शेवटची रांग, उसना ट्रक, आणि टीव्हीने खाल्लेली कॉफी. वॉल्टरराव मान खाली घालून ऐकत होते. मी "आय ॲम द डिरेक्टर, मॅडम, प्लीज नोट" असं म्हटलं तेव्हा सूझनला हसू फुटलं. ती हसता हसता रडायला लागली आणि पायची पेटी तिने मंदारच्या हातात कोंबली.

"मी घाबरून आले," ती बापाला म्हणाली. "मी तुझी गाडी झाडावर घातली, तेव्हाही तू आवाज चढवला नव्हतास. टीव्हीवरचा तो माणूस मला ओळखूच येईना. आणि मग मला वाटलं, की रोज ज्यांना बघते, ते तरी खरंच तसे..." तिने वाक्य अर्धवट सोडलं. "पण तू ओरडलास का, डॅड? आयुष्यात एकदाही नाही, मग आताच का?"

वॉल्टररावांनी मिशी पुसली.

"तू फार लांब राहतेस," ते म्हणाले. "तुला ऐकू जावं म्हणून."

मी तव्यावर आणखी एक भाकरी टाकली.